वारंगुळ्याचं अक्षर

लिहिलेलं टिकतं. माणसं जातात, राज्यं जातात, निजामाचंसुद्धा गेलं. मागं उरतं ते अक्षर. त्याचा नाश होत नाही म्हणूनच त्याला अक्षर म्हणतात, असं मी लहानपणी माझ्या माहेरी, राणीसावरगावला, शाळेच्या भिंतीवर वाचलं होतं. ती भिंत पुढं एका पावसाळ्यात पडली. सासरच्या गावातलं, म्हणजे मी आता ज्याविषयी लिहिते आहे ते अक्षर तर त्याहून अल्पायुषी. ते खडूनं लिहिलेलं असायचं. बाजाराच्या दिवशी ते पुसलं जायचं, आणि त्याआधीच दहिवर जास्त पडलं तर पुसण्याचेही कष्ट वाचायचे.

कापूस फुटला की मला हे सगळं आठवतं. आमच्याकडे थंडी एकटी येत नाही, आधी कापूस येतो. दसरा सरला की काळ्या रानात पांढरे ठिपके दिसू लागतात, मग ते वाढतात, आणि एके दिवशी सगळं शिवार कुणी पिंजून टाकल्यासारखं होतं. त्यानंतर गावातल्या कुठल्याही वस्तूची कापसापासून सुटका नसते. विजेच्या तारांवर कापूस, बाभळीच्या काट्यांवर कापूस, मास्तरांच्या स्वेटरवर कापूस, हॉटेलातल्या भज्यांवर कापूस. काल वाचनालयाचं कुलूप काढलं तर कपाटातल्या पुस्तकांच्या पाठींवरही पांढरे तंतू बसलेले. मी ते झटकले नाहीत. त्यांतल्या काही पुस्तकांच्या इतक्या जवळ वर्षभरात दुसरं कुणी गेलेलं नव्हतं.

पेडगावच्या रस्त्याला लागून आमचं गाव, आणि गावात शिरताना डाव्या हाताला आमचं वाचनालय. दोन खोल्या, एक ओटा, ओट्याला पायऱ्या. मी तिथं ग्रंथपाल आहे. हा शब्द ऐकून शहरातले लोक आदरानं मान हलवतात. गावात मला ‘पुस्तकाच्या वैनी’ म्हणतात, आणि ते जास्त खरं आहे. वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर सिमेंटचा एक काळा फळा आहे. गावात पुढं जे काही घडलं ते त्या फळ्यामुळं घडलं, निदान लोक तसं समजतात.

त्या फळ्याचं रीतसर उद्घाटन झालं होतं. फळ्याचं उद्घाटन कसं करतात असा प्रश्न मलाही पडला होता. जिल्ह्याच्या गावाहून पाहुणे आले, मंडप पडला, नारळ फुटला. फळ्यावरचा पडदा दोरी ओढताना अडकला, तो शेवटी शिपायानं काठीनं काढला. ‘महिला अभिव्यक्ती फलक’ असं त्याचं नाव. प्रमुख पाहुणे स्त्रियांच्या मौनावर बराच वेळ बोलले. मंडपातल्या बायका मुकाट्यानं ऐकत होत्या आणि अधूनमधून उन्हाकडं बघत होत्या, कारण स्वयंपाकाची वेळ टळत चालली होती. मग पाहुण्यांनी स्वहस्ते फळ्यावर पहिला शब्द लिहिला: ‘शुभेच्छा’. टाळ्या झाल्या. त्यानंतर महिना-दीड महिना आमच्या गावातल्या महिलांची अभिव्यक्ती तेवढीच होती.

वेचणी सुरू झाली आणि फळा बोलायला लागला. कारण अगदी साधं होतं. लांबच्या रानात वेचायला जाणाऱ्या बायकांना घेऊन जाणारा टेम्पो आमच्या पायऱ्यांपाशी थांबायचा. उजाडता उजाडता बायका येऊन पायऱ्यांवर बसायच्या. डोक्याला फडकं, लुगड्यावरून नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, वेचलेला कापूस टाकायला कमरेला बांधायची ओटी, आणि मांडीवर भाकरीचं गठुडं. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटलेली असायची. त्या बोटांनी त्या चहाचा कप असा धरायच्या की कप त्यांना शेकतो आहे की त्या कपाला, कळू नये. टेम्पो काही वेळेवर यायचा नाही. अशा एका सकाळी लताबाईनं मला हाक मारली. लताबाई वरच्या आळीतली. घरचं दोन एकरांचं रान वेचून झालं की दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारी. जीभ अशी की कोयत्याची गरज पडू नये.

“वैनी, त्या शुभेच्छा कुणाला हायेत?”

“सगळ्यांना.”

“मग पोचल्या म्हणावं. आता पुसा अन् लिवा, टेम्पो रोज उशिरा येयलाय म्हणून.”

मी लिहिलं: ‘टेम्पो रोज उशिरा येतो. थंडीत बसावं लागतं.’ खाली नाव कुणाचं घालू, विचारलं. “माझंच घाला की. लता.” दुसऱ्या दिवशी टेम्पो वेळेवर आला. मराठी लेखनाचा समाजावर इतका तातडीचा परिणाम झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही. टेम्पोवाला सुभद्राबाईंचा पुतण्या होता आणि त्याला फळ्यापेक्षा काकूची भीती जास्त होती, हे मला नंतर कळलं.

सुभद्राबाई म्हणजे त्या टोळीच्या म्होरक्या. गावाच्या खालच्या अंगाच्या बौद्ध वस्तीतल्या. उंच, वाळलेल्या, कापसाच्या पऱ्हाटीसारख्या काटक. कुणाच्या रानात कधी जायचं, कोण कुठल्या ओळीला लागेल, हे त्या ठरवायच्या. आणि वरच्या आळीतल्या बायकाही ते ऐकायच्या, कारण सुभद्राबाईंचा अंदाज चुकायचा नाही. त्यांना एकही अक्षर येत नव्हतं आणि त्याबद्दल त्यांना काडीचाही खेद नव्हता.

फळ्याचा नियम एकच होता आणि तो लताच्या पहिल्या मजकुरानं आपोआप पडला: जिनं सांगितलं तिचं नाव खाली, आणि फक्त तिचं. नवऱ्याचं नाही, बापाचं नाही, आडनाव नाही. यामुळं गावातल्या पुरुषांची मोठी पंचाईत झाली. बायकोला ‘बंड्याची माय’ म्हणून हाका मारण्यात ज्यांचा संसार गेला ते फळ्यापुढं उभं राहून एकमेकांना विचारायचे, ही सत्यभामा कोण? एका गृहस्थांना मी सांगितलं, “तुमची भावजय.” ती वीसेक वर्षं त्यांच्याच घरात त्यांना वाढत होती. ते म्हणाले, “असं व्हय,” आणि नव्यानं ओळख झाल्यासारखे घरी गेले.

मजकूर काय असायचे? ‘रेशनचं दुकान दुपारी उघडं पाहिजे. दुपारी दुकानदार झोपतो. — अनसूया.’ ‘पोरींना वेचायला नेऊ नका, शाळा बुडते. मी पण नेते. तरी नेऊ नका. — सत्यभामा.’ ‘मला गुलाबजाम आवडतो. कुणी विचारलं नव्हतं. — पारू.’ हा शेवटचा वाचून पुष्कळजण हसले. मी काही हसले नाही. मी बरंच वाचलं आहे, आणि ‘कुणी विचारलं नव्हतं’ या तीन शब्दांसाठी लोकांनी चारशे-चारशे पानं खर्च केलेली मला माहीत आहेत.

सगळ्यांना लिहिता येत नव्हतं, आणि माझं एकटीचं हस्ताक्षर म्हणजे औषधाच्या दुकानात नेण्याच्या लायकीचं. ही अडचण बायकांनी रानातल्या रीतीनं सोडवली. आमच्या भागात वारंगुळा म्हणून एक प्रकार आहे. आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या; पैशाची देवघेव नाही, पण कामाचं काम फेडायचं. तसंच इथं. जिला लिहिता येतं तिनं दुसरीचं लिहून द्यायचं, आणि त्या दुसरीनं तिच्या वाट्याची कापसाची एक ओळ वेचून द्यायची. म्हणजे फळ्यावरचं अक्षर एकीचं असायचं आणि बोलणं दुसरीचं, आणि हे सगळ्यांना इतकं सरळ वाटायचं की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

सगळ्यांत देखणं अक्षर शीतलचं. शीतल दिगांबररावांची सून. दिगांबररावांची जमीन वेशीपासून थेट नदीपर्यंत, काळी, भारी. गावातली निम्मी वेचणी त्यांच्याच रानात व्हायची. शीतल बी. ए. झालेली. सकाळी घरचं दूध डेअरीवर घालायला यायची आणि परत जाताना वाचनालयात पुस्तक बदलायची. तिचं दिवसातलं बाहेर पडणं तेवढंच. तिला काही कापूस वेचायचा नसायचा, म्हणून तिचा वारंगुळा बायका भाजीनं फेडायच्या: एका मजकुराला पाथरीच्या पाल्याची एक जुडी, कधी रानातली दोन वाळकं. मी अधूनमधून नियतकालिकांत लिहिते. मला अजून कुणी कोथिंबीरसुद्धा दिलेली नाही.

आता पाण्याचं सांगते. रानात दुपारी भाकरी खायला बसलं की मालकाकडून घागर यायची. वरच्या आळीतल्या बायका तांब्या हातात घेऊन प्यायच्या. खालच्या वस्तीतल्या बायका थोड्या अंतरावर उकिडव्या बसायच्या, ओंजळ करायच्या, आणि मालकीण किंवा तिचं कुणी वरून पाणी ओतायचं. लांबून हे दृश्य फार सुरेख दिसतं. उन्हात चमकणारी धार, तिच्याखाली ओंजळ, मागं पांढरं शिवार. कॅलेंडरवर शोभलं असतं. धार किती उंचावरून आहे आणि ओंजळ कुणाची, हे कॅलेंडरवर कळत नाही. याला गावात कुणी जातपात म्हणत नसे. जातपात पेपरात असते. याला ‘पद्धत’ म्हणत.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. धुई इतकी की समोरची डेअरी दिसत नव्हती, नुसता कॅनचा आवाज येत होता. बायका पायऱ्यांवर टेम्पोची वाट बघत होत्या. शीतल पुस्तक काखेत धरून ओट्यावर उभी. सुभद्राबाईंनी आजवर फळ्यावर काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, “ताई, आज माझं लिव.”

शीतलनं खडू घेतला. “सांगा मावशी.”

“लिव. दिगांबररावाच्या शेतात आमाला पानी वरून वततेत.”

खडू थांबला.

“काय झालं? वततेत का न्हाई?”

“ओततात,” शीतल म्हणाली.

“मग लिव की.”

“मावशी, मामंजींचं नाव मी कसं घेऊ?”

मला वाटलं होतं ती घाबरली. तसं नव्हतं. मजकुराबद्दल तिची काही तक्रार नव्हती. सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नसतं, एवढीच तिची अडचण होती.

“घेऊ नको, नुसतं लिव,” लताबाईनं तोड काढली.

“लिहिणं म्हणजे घेणंच की हो.”

“मग ‘एका शेतात’ लिहू का?” मी मधेच बोलले.

“एका कशाला?” सुभद्राबाई म्हणाल्या. “त्यांच्याच शेतात. दुसऱ्याचं नाव कामून खराब करायचं?”

मी म्हटलं, आणा, मी लिहिते. सुभद्राबाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली. “तुमचं अक्षर कळत न्हाई वैनी.” त्यांना कुणाचंच अक्षर कळत नव्हतं, पण मुद्दा बरोबर होता.

शेवटी शीतलनं आपल्या परीनं मार्ग काढला आणि वळणदार, टपोऱ्या अक्षरात लिहिलं: ‘मामंजींच्या शेतात आम्हाला पाणी वरून ओततात. आमच्या हातानं वेचलेला कापूस चालतो. आमच्या हातातला तांब्या चालत नाही. — सुभद्रा.’

टेम्पो आला, बायका गेल्या. धुई विरली आणि गाव फळ्यापाशी आलं.

मामंजी गावात घरटी एक आहे. त्यामुळं ज्याला ज्याला शेत होतं आणि सून होती त्या प्रत्येकानं तो मजकूर स्वतःवर घेतला. एक जण मला येऊन सांगून गेले की त्यांच्या रानात असं काही होत नाही, विचारा कुणालाही. मी विचारलं नव्हतं. दुसऱ्यांनी दुपारच्या आत नवे स्टीलचे ग्लास घेतले. तिसऱ्यांनी सुनेला दारातच गाठून दरडावलं, तूच लिहिलंस ना? ती बिचारी अंगठा लावणारी. शीतलनं सासऱ्याची अब्रू झाकायला एक शब्द बदलला होता आणि त्या एका शब्दानं अख्ख्या गावातली पद्धत उघडी पडली. ठरवून कुणाला हे जमलं नसतं. मला तर नक्कीच नाही.

संध्याकाळी दिगांबरराव आले, लांबूनच वाचून गेले. त्यांचा चेहरा बघून बाकीच्यांचा जीव भांड्यात पडला, कारण दिगांबररावांना अक्षर ओळखू आलं होतं. दिवाळीला त्यांच्या दारावर शीतलनं काढलेलं ‘शुभ लाभ’ होतं, त्याच वळणाचं.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, “तू कशाला मधी पडायलीस?” हे पंचायत समितीत कारकून आहेत, मधे न पडणं हा त्यांचा पेशाच आहे. मी म्हटलं, “मी मधी न्हाई. भिंत मधी हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगांबरराव चालत आले. एरवी ते मोटारसायकलवर असतात. मोठ्या कामाला चालत येतात. पायऱ्यांवर बायका बसलेल्या होत्या. शीतल दुधाची कॅन हातात घेऊन डेअरीच्या दारात थांबली होती, पुढं यावं की मागं जावं हे न कळून. दिगांबरराव उद्धट माणूस नव्हे. त्यांनी मला नमस्कार केला.

“वैनी, राम राम. चा झाला का?”

“झाला.”

“मग ते पुसून टाका. लेकरू हाय आमचं. पुस्तकं वाचून डोकं फिरायलंय. घरचं हाय, आमी घरात बघून घेतो.”

मोठी सभ्य वाट काढली होती त्यांनी. टोळीवर राग नाही, कुणाचं काम जाणार नाही, गावात वाद नाही. फक्त मजकूर हा मजकूर राहणार नव्हता. तो सुनेच्या डोक्याचा फेर ठरणार होता, आणि खालचं ‘सुभद्रा’ म्हणजे कुठून तरी उडून बसलेला खडूचा डाग. घरात काय बघून घेतलं जाणार होतं ते शीतलच्या तोंडावर दिसत होतं. वाचनालय बंद, डेअरी बंद. डस्टर माझ्या हातात होतं. सगळ्याजणी माझ्याकडं बघत होत्या, आणि मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांतलं एकही वाक्य मला आठवत नव्हतं.

“मालक, ते ताईचं न्हाई,” मागून आवाज आला. “ते माझं हाय.”

दिगांबररावांनी मान वळवली. “सुभद्रे, तुला लिहिता येतंय का?”

“न्हाई.”

“मग?”

“सांगता येतंय.”

“अक्षर माझ्या सुनेचं हाय. मी वळखतो.”

“अक्षर तिचंच हाय. म्हणनं माझं हाय. खाली नाव हाय माझं, वाचा.”

“ते काय बी असू दे. जिच्या हातचं, तिचं.”

सुभद्राबाई उठून उभ्या राहिल्या. भांडायला उठल्यासारख्या नाही, ओळ बदलायला उठावं तशा.

“आसं म्हणता? मग तुमच्या घरात कापसाची गंजी लागलीय, ती आमची. आमच्याच हातची हाय.”

पायरीवरच्या एका बाईला ठसका लागला. मग लताबाई म्हणाली, “मालक, टेम्पो आलाच हाय. आत्ताच भरू का?” आणि सगळ्या पायऱ्या हसल्या. मी आयुष्यात बरीच व्याख्यानं ऐकली. श्रम कुणाचे, मालकी कुणाची, लेखक कोण, यावर परभणीला एकदा दोन दिवसांचं चर्चासत्र झालं होतं. जेवण चांगलं होतं. पण तो प्रश्न इतक्या थोडक्यात निकालात निघालेला मी त्या सकाळीच पाहिला.

दिगांबररावांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “उद्यापासून माझ्या रानात येऊ नको.”

“बरं,” म्हणून सुभद्राबाई खाली बसल्या.

आता खरी परीक्षा होती आणि ती सुभद्राबाईंची नव्हती. ऐन वेचणीत सगळ्यांत मोठं रान हातचं जाणार होतं, आणि पायऱ्यांवर निम्म्या बायका वरच्या आळीतल्या, तांब्यानं पाणी पिणाऱ्या होत्या. मला वाटलं, आता कुणी तरी उठून काही तरी मोठं बोलेल. कुणी उठलं नाही. लताबाईनं डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं, परत बांधलं.

“ती न्हाई तर टेम्पो न्हाई,” ती दिगांबररावांना म्हणाली. “टेम्पो न्हाई तर आमी कशानं यावं मालक? उडत?”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. खरंच, उडत कसं येणार. दिगांबररावांचं रान वेशीला लागून होतं. तिथं सगळ्या नेहमी चालतच जायच्या. हे लताबाईला माहीत होतं, दिगांबररावांनाही माहीत होतं. मी डस्टर खिळ्याला अडकवून ठेवलं.

नंतरचे दिवस मला त्या रानाच्या रंगानं आठवतात. सगळं शिवार वेचून करडं झालं आणि वेशीपासून नदीपर्यंतचा तो पट्टा तेवढा पांढरा. बोंडं उलून कापूस खाली लोंबायला लागला, वाऱ्यानं गळायला लागला. मजूर शोधायला दिगांबरराव पार चुडाव्यापर्यंत जाऊन आले. पण त्या दिवसांत मोकळा हात कुठल्याच गावात नसतो. मग आभाळ आलं. कापसाच्या दिवसांतलं आभाळ म्हणजे गावात सगळे मान वर करून चालतात. त्या संध्याकाळी दिगांबररावांच्या घरच्या मालकीणबाई, गयाबाई, पदर सावरत खालच्या वस्तीत गेल्या आणि सुभद्राबाईंच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या.

“सुभद्रा, येतीस का सकाळी? आभाळ आलंय.”

“येईन की. पानी?”

“ये तर खरं.”

पुढचं मला शीतलनं, सासूकडून ऐकून, सांगितलं. बायका रानात गेल्या तर लिंबाखाली दगडावर एक निळा जार ठेवलेला, खाली तोटी, तोटीपाशी एकच ग्लास. जिला तहान लागेल तिनं जावं आणि तोटी फिरवावी. ओतायला कुणी नाही, म्हणून ओंजळ करायचंही कारण नाही. सुभद्राबाई आधी गेल्या, उभ्यानं पाणी प्याल्या, ग्लास ठेवला. त्यांच्यामागं लताबाई. तिनं तोच ग्लास उचलला, विसळला नाही, भरला आणि प्याली. मी नंतर तिला मुद्दाम विचारलं, त्या वेळी मनात काय आलं? ती म्हणाली, “तहान लागली होती.”

जात गेली असं कुणी समजू नये. लग्नपत्रिका छापल्या जातात तोवर ती कुठं जात नाही. दिगांबरराव तर आजही मानत नाहीत की काही बदललं. ते म्हणतात, जारमध्ये पाणी थंड राहतं. पण त्या हंगामात गावातल्या एकेका रानात जार आले. काही घागरी तशाच राहिल्या, त्यांच्याशी आमचा फळा अजून बोलतो आहे. आणि कुणी विचारलं, तुमच्या गावात काय झालं, तर मला सांगताना मान ताठ होते. मला स्वतःला ही सवय फारशी आवडत नाही, पण होते.

शीतलचं वाचनालय बंद झालं नाही. मजकूर तिचा नाही हे दिगांबररावांना चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं होतं. मग तिला कशासाठी बोलणार? मी एकदा सुभद्राबाईंना विचारलं, पोरीला वाचवायला म्हणून तुम्ही उठलात ना?

“वाचवायला? मी काय वाचवनार तिला,” त्या म्हणाल्या. “माझं होतं म्हणून माझं म्हणलं. आवंदा एवढं एक वाक्य सुचलं, ते बी लोकाच्या नावावर जाऊ द्यू?”

तो मजकूर लिहिला त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, नेहमीप्रमाणं मी फळा पुसला. वाटलं, हे तरी जपायला हवं होतं, फोटो तरी काढायचा. सुभद्राबाई बाजारातून परत येताना पायरीवर टेकल्या. काळ्याभोर फळ्याकडं बघून म्हणाल्या, “पुसलं व्हय? बरं केलं. गावानं वाचलं की झालं. ठिवून काय लोणचं घालायचंय?”

गोष्ट पसरली तशी पाहुणेही आले. पुन्हा मंडप, पुन्हा नारळ. सुभद्राबाईंना शाल दिली, ‘लोकलेखिका’ म्हटलं. एका विदुषींनी माईक त्यांच्यासमोर धरून विचारलं, लिहिताना तुमच्या मनात काय भावना असतात? “मी लिहीत न्हाई बाई, सांगते.” मग आता लिहायला शिकणार का? सुभद्राबाईंनी खांद्यावरची शाल सारखी केली. “लिवनाऱ्या लय हायेत,” त्या म्हणाल्या. त्यानंतरही त्या शिकल्या नाहीत. आपलं नाव तेवढं त्यांना आकारावरून ओळखू येतं. मजकूर लिहून झाला की जवळ जाऊन, बोट न लावता, ते खाली आहे की नाही हे त्या बघून घेतात.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आज सकाळी धुई होती. टेम्पो वेळेवर आला नव्हता. पायऱ्यांवर बायका, त्यांच्या फडक्यांवर कालचा कापूस, आणि ओट्यावर शीतल खडू घेऊन. तिच्या कानामागं आता एक-दोन केस पांढरे आहेत. कापूस समजून मी ते काढायला गेले होते. सुभद्राबाईंनी सांगितलं, तिनं लिहिलं. मला वाटलं होतं ती थांबेल. ती थांबली नाही. त्याच वळणदार, टपोऱ्या अक्षरात, सासऱ्याच्या नावासकट: ‘दिगांबररावांच्या शेतातल्या जारची तोटी गळते. बदला. — सुभद्रा.’

बायका टेम्पोत चढल्या. थोड्या वेळानं दिगांबरराव डेअरीकडून काठी टेकत आले. आता त्यांना मोटारसायकल झेपत नाही. फळ्यापुढं उभे राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून सगळं वाचलं, स्वतःच्या नावापाशी परत आले.

“अक्षर चांगलं हाय,” ते म्हणाले आणि गेले.

तोटी अजून बदललेली नाही.